राष्ट्राध्यक्षीय ध्वज, अमेरिकेचा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्राध्यक्षाचा अधिकृत ध्वज. गडद निळ्या पार्श्वभूमीवरील गरुडाच्या उजव्या पायात शांततादर्शक ऑलिव्ह शाखा व डाव्या पायात बाण आहेत. वुड्रो विल्सन यांच्या १९१६ च्या ध्वजात गरुडाचे मुख बाणांकडे होते व कोपऱ्यांत चार तारे होते. १९४४ मध्ये पंचतारांकित सेनानीपदे निर्माण झाल्याने सरसेनापती असलेल्या राष्ट्राध्यक्षाचे चार तारे कमी भासू लागले. हॅरी ट्रूमन यांनी २५ ऑक्टोबर १९४५ रोजी गरुडाचे मुख ऑलिव्ह शाखेकडे वळविले व त्याभोवती ४८ राज्यांच्या ताऱ्यांचे वलय घातले. तारे १९५९ मध्ये ४९ व १९६० मध्ये ५० झाले. युद्धकाळी हे मुख बाणांकडे फिरविले जाते, हा समज निराधार आहे. १९४५ नंतरच्या कोणत्याही युद्धात ते फिरविलेले नाही.