शरर यांच्या कादंबऱ्या : इतिहास की दिलासा?

उर्दू वाचणाऱ्या घरात ऐतिहासिक कादंबरीचा विषय निघाला की मौलाना अब्दुल हलीम शरर यांचे नाव आल्याशिवाय राहत नाही. मराठीत हरिभाऊ आपटे यांचे जे स्थान आहे, साधारण तेच उर्दूत शरर यांचे आहे. दोघे समकालीन होते. शरर यांचा जन्म १८६० चा, हरिभाऊंचा १८६४ चा. शरर यांनी जानेवारी १८८७ मध्ये लखनौहून 'दिलगुदाज' हे मासिक काढले, हरिभाऊंनी १८९० मध्ये पुण्याहून 'करमणूक' सुरू केले. दोघांनीही आपल्या कादंबऱ्या आधी हप्त्याहप्त्याने छापल्या. पुढच्या अंकाची वाट पाहणारा, नायक वाचला की मेला याची चर्चा करणारा वाचक या दोघांनी आपापल्या भाषेत तयार केला.

१८८८ मध्ये 'दिलगुदाज'मधून 'मलिक-उल-अजीज वर्जिना' ही कादंबरी येऊ लागली. उर्दूतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्या मागोमाग 'हसन अँजेलिना', 'मन्सूर मोहना', 'फ्लोरा फ्लोरिंडा', 'फिरदौस-ए-बरीं' अशी मालिकाच सुरू झाली. या मालिकेबद्दल वाचकांनी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जी मते दिली, त्यांचा विचार या लेखात करायचा आहे. कारण कादंबरीवरच्या मतांत वाचकाचे मनही उमटलेले असते.

ढोबळमानाने ही मते तीन प्रकारची आहेत. पहिले मत असे, की शरर यांनी खचलेल्या कौमला धीर दिला. दुसरे असे, की शरर यांच्यामुळे आम्हाला आमचा इतिहास कळला. तिसरे मत समीक्षकांचे. ते म्हणतात, शरर यांचे नायक एकाच साच्यातून काढलेले असतात. नायक शूर, देखणा, दीनदार, नायिका परधर्मी, त्याच्यावर भाळणारी, खलनायक कपटी. कादंबरीचे नाव बदलले तरी माणसे तीच राहतात. आमच्या मते पहिले मत खरे आहे, तिसरेही खरे आहे. अडचण आहे ती दुसऱ्या मताची.

पहिले मत समजून घ्यायचे तर काळ पाहावा लागेल. १८५७ चा उठाव मोडला गेला तेव्हा शरर जन्मले नव्हते. पण त्यांचे बालपण त्याच पराभवाच्या सावलीत गेले. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांना इंग्रजांनी कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला ठेवले होते. शरर यांचे वडील त्यांच्या पदरी होते, म्हणून शरर यांचे लहानपणही मटियाबुर्जला गेले. राज्य गेलेले, दरबार मात्र चालू आहे, असे ते दृश्य होते. अशा मुलाच्या हाती पुढे सर वॉल्टर स्कॉट यांची १८२५ ची 'द टॅलिस्मन' ही कादंबरी पडली. विषय तिसऱ्या क्रुसेडचा, म्हणजे इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या युद्धाचा.

स्कॉटने सलाहुद्दीनला वाईट रंगवलेले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. उलट तो उदार आहे, वेष पालटून हकीम होतो आणि आजारी रिचर्डला बरे करतो. पण त्याच कादंबरीत हा कुर्द वीर आपले कूळ सैतानापासून सुरू झाले असे अभिमानाने सांगतो. सुलतान भला, पण त्याचा दीन आणि त्याची माणसे मात्र अंधारातली, असा एकंदर सूर. राज्यकर्त्यांच्या भाषेतील राज्यकर्त्यांचा लाडका लेखक असे लिहितो, हे शरर यांना सहन झाले नाही. त्यांनी उत्तरादाखल कादंबरी लिहिली. सलाहुद्दीनचा मुलगा अजीज तिचा नायक झाला आणि रिचर्डच्या घराण्यातील वर्जिना नायिका झाली. स्कॉटचे हत्यार स्कॉटवरच उलटवले गेले. वाचकांनी ती डोक्यावर घेतली यात नवल नाही. ज्यांच्यापाशी काही उरले नव्हते, त्यांना निदान कागदावर विजय मिळाला. या दिलाशाला आम्ही कमी लेखत नाही.

आता दुसऱ्या मताकडे येऊ. मालेगाव, भिवंडी, मुंबईतील उर्दू वस्त्यांत भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्यांतून या कादंबऱ्या आणि पुढे नसीम हिजाजी यांच्या कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरच्या बुजुर्गांकडून ऐकलेल्या गोष्टी मुले वर्गात इतिहास म्हणून सांगतात. सलाहुद्दीन आणि रिचर्ड यांची भेट कशी झाली, हे तर बहुतेकांना पाठ असते. प्रत्यक्षात ते दोघे एकमेकांना कधीही भेटले नाहीत.

प्रत्यक्ष इतिहास कादंबरीपेक्षा कमी रंजक आहे असेही नाही. सलाहुद्दीनने २ ऑक्टोबर ११८७ रोजी जेरुसलेम घेतले. रिचर्ड ११९१ मध्ये आला, त्याने अक्का जिंकले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील सुमारे २,७०० मुस्लिम कैद्यांची कत्तल केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच रिचर्डने सोयरिकीचा प्रस्ताव पाठवला! आपली विधवा बहीण जोन हिचा निकाह सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्याशी लावावा आणि दोघांनी जेरुसलेमवर राज्य करावे, असा तो प्रस्ताव होता. सलाहुद्दीनच्या लष्कराचे काझी बहाउद्दीन इब्न शद्दाद त्या काळी सुलतानाच्या जवळ होते, त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. सुलतानाने होकार दिला, पण ही थट्टा असावी असेच त्याला वाटत होते. जोनने नकार दिला. मग रिचर्डने पोपच्या परवानगीची अडचण सांगितली आणि बहिणीऐवजी पुतणी देऊ केली. अखेर काहीच जमले नाही. सप्टेंबर ११९२ मध्ये तह झाला आणि मार्च ११९३ मध्ये सुलतानाचा इंतकाल झाला.

म्हणजे शरर यांची कथा अगदीच हवेत उभी नाही. दोन घराण्यांत लग्नाची बोलणी खरोखरच झाली होती. पण ती इश्काची नव्हती. थकलेल्या दोन राजांची ती देवघेव होती. आणि कादंबरीचा नायक अजीज? सुलतानानंतर तो मिसरच्या गादीवर आला आणि ११९८ मध्ये वारला. इतिहासात तो एका वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिला. गिझाचा एक पिरॅमिड पाडण्याचे काम त्याने काढले, आठ महिने मजूर खपले आणि शेवटी नाद सोडावा लागला. त्या पिरॅमिडच्या अंगावरील खाच आजही दिसते. ही हकीकत कादंबरीच्या कामाची नव्हती, आणि कादंबरीकाराला निवड करण्याचा हक्क असतो. पण ती निवड आहे, हे वाचकाला ठाऊक हवे.

या मालिकेतील नायिकांची नावे पुन्हा एकदा पाहा. वर्जिना, अँजेलिना, मोहना. स्त्री नेहमी पलीकडची, पुरुष नेहमी आपला. ही रीत एकट्या शरर यांची नाही. बंकिमचंद्रांच्या १८६५ च्या 'दुर्गेशनंदिनी'त नवाबाची मुलगी आयेशा रजपूत जगतसिंहावर प्रेम करते. गंमत अशी की ती कादंबरी उर्दूत आणणारे शररच होते! विजयनगरच्या पाडावावर हरिभाऊंनी लिहिलेल्या 'वज्राघात'मध्ये रामराजा आणि मेहेरजान यांची प्रेमकथा आहे. हिंदू लेखकाकडे प्रेमात पडणारी मुलगी मुसलमान, मुस्लिम लेखकाकडे ती ख्रिस्ती किंवा हिंदू. ज्यांच्याशी लढाई आहे त्यांची मुलगी आपल्यावर भाळते, यात विजयाची एक जादा खूण लेखकांना दिसली असावी. वाचकांनीही ती आनंदाने स्वीकारली. त्या मुलीला काय वाटले असेल, हा प्रश्न त्या काळच्या वाचकांपैकी फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. पडद्याच्या सक्तीविरुद्ध आणि स्त्रियांच्या बाजूने हिरिरीने लिहिणाऱ्या शरर यांच्याही कादंबऱ्यांत हे घडावे, हे विशेष.

वाचकांच्या मतांचा आणखी एक मासला पाहण्याजोगा आहे. हैदराबादेत असताना शरर यांनी हजरत इमाम हुसैन यांच्या कन्या हजरत सकीना यांच्यावर 'दिलगुदाज'मध्ये लिहिले. या वेळी त्यांनी कादंबरी लिहिली नव्हती, जुन्या अरबी ग्रंथांच्या आधारे चरित्र लिहिले होते. त्यावर मोठी खळबळ उडाली आणि शरर यांना हैदराबाद सोडून लखनौला परतावे लागले. रचलेल्या कथांना इतिहास मानून दाद देणारा वाचक, इतिहास म्हणून लिहिलेल्या मजकुरावर मात्र संतापला. त्या लेखातील मजकूर कितपत ग्राह्य होता, या वादात आम्ही शिरत नाही. वाचकाला गतकाळाकडून काय हवे असते, एवढेच यातून दिसते.

शरर यांची सर्वोत्तम कादंबरी कोणती, यावर मात्र साधा वाचक आणि समीक्षक यांचे बरेचसे एकमत आहे. ती म्हणजे १८९९ ची 'फिरदौस-ए-बरीं'. तेराव्या शतकातील अलमूतचा किल्ला, तेथील बनावट जन्नत, जमुर्रुदच्या शोधात निघालेला हुसैन आणि त्याला भुलवून त्याच्याच हातून त्याच्या उस्तादाचा खून करवणारा शेख अली वुजूदी! या कादंबरीत शत्रू बाहेरून आलेला नाही. श्रद्धेचा गैरवापर कसा होतो, भोळा माणूस कसा खुनी बनतो, हे लेखकाने दाखवले आहे. आपल्याच घरात दिवा घेऊन लेखक शिरला तेव्हा पात्रेही जिवंत झाली. शेख अली वुजूदी हा उर्दू कादंबरीतील न विसरता येणारा माणूस ठरला.

परंतु येथेही वाचकाने थांबून विचार करायला हवा. बनावट जन्नतीची कथा मार्को पोलोच्या प्रवासवर्णनामुळे जगभर पसरली. आधुनिक संशोधकांनी, विशेषतः फरहाद दफ्तरी यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात, ही दंतकथा कशी रचली गेली हे दाखवून दिले आहे. हसन बिन सब्बाह यांनी १०९० मध्ये अलमूत घेतला आणि १२५६ मध्ये हुलागूने तो पाडला, हा इतिहास. हशीश पाजून जन्नत दाखवल्याच्या कथेला मात्र आधार नाही. अलमूतच्या निजारी इस्माइली परंपरेचे लोक कोठे दूर नाहीत. मुंबईत, डोंगरीच्या गल्ल्यांत खोजा बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी आगाखान खटल्याचा निकाल दिला, तेव्हा आगाखानांचा वारसा अलमूतच्या इमामांपर्यंत जातो हे मान्य केले होते. आम्ही जी कादंबरी चवीने वाचतो, ती वाचताना त्या शेजाऱ्याला काय वाटत असेल? स्कॉट वाचताना शरर यांना जे वाटले, त्याहून फार वेगळे नसावे.

हाच मुद्दा आम्हा मराठी मुसलमानांच्या फार जवळचा आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा मुस्लिम वाचक एक तक्रार नेहमी करतो. खान म्हटला की तो क्रूर, सरदार म्हटला की तो लंपट, आणि इमानी मुसलमान निघालाच तर अपवाद म्हणून. ही तक्रार रास्त आहे. टिपू सुलतानचेच पाहा. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८४० मध्ये टिपूवर कादंबरी लिहिली आणि हरिभाऊंची 'म्हैसूरचा वाघ' तिच्यावरूनच बेतलेली आहे. म्हणजे मराठी वाचकाला कादंबरीत टिपू प्रथम भेटला तो ज्यांनी त्याला मारले त्यांच्या नजरेतून. पुढे नसीम हिजाजी यांनी 'और तलवार टूट गई'मध्ये टिपूचा निष्कलंक मुजाहिद केला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावर लढता लढता पडलेला, कुशल, कठोर, हिशेबी, चुका करणारा माणूस दोन्हींकडे हरवला. पहिल्या कादंबरीवर आम्ही नाराज होतो, दुसरीवर खूश होतो. मोजमाप मात्र एकच हवे. विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या 'पानिपत'मध्ये इब्राहिमखान गारदी मानाने उभा राहिला, तेव्हा आम्हाला बरे वाटले. तसाच मान आमच्या कादंबरीतील परक्याला मिळतो का, हेही आम्हीच पाहायचे आहे.

कोणी म्हणेल, आता कादंबऱ्या वाचतो कोण? खरे आहे. पण 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका २०२० मध्ये उर्दूत आली तेव्हा घराघरांतील मोबाईलवर ती पाहिली गेली. ऐतिहासिक एर्तुग्रुलबद्दल विश्वसनीय माहिती फारच थोडी आहे, मालिकेचे भाग मात्र शेकड्यांनी. हप्त्याची वाट पाहणारा 'दिलगुदाज'चा वाचक आजही जिवंत आहे, त्याच्या हातातील वस्तू फक्त बदलली आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की शरर जरूर वाचावेत. त्यांची भाषा वाचावी, त्यांचा काळ समजून घ्यावा, त्यांच्या मनातील जखम ओळखावी. मुलांनाही द्यावेत. मात्र देताना सोबत इब्न शद्दाद यांची चार पाने द्यावीत आणि विचारावे, यातले काय घडले आणि काय घडायला हवे होते असे लेखकाला वाटले? मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा आमच्या घरात आहेत. एकाच लढाईच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचण्याची सोय फार थोड्यांना असते. ती आम्हाला आहे, तिचा उपयोग आम्ही केला पाहिजे.