मांस विसरलेला शिकारी

फेरेट हा प्राणी आपल्याकडे फारसा कुणाच्या पाहण्यातला नाही. नळीसारखं लांब अंग, आखूड पाय, टोकदार तोंड, डोळ्यांवर चोरानं बांधावी तशी काळी पट्टी. पहिल्यांदा पाहणारा त्याला मुंगूसच म्हणेल. पण मुंगसाशी त्याचं नातं लांबचं. तो आपल्या नद्यांतल्या पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसानं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवलं, त्याचा हा वंश. हा पक्का मांसाहारी आहे. आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य आणि पाला आंबवून पचवण्यासाठी इतर प्राण्यांच्या पोटात जी पिशवी असते, ती याला नाहीच.

आणि आज अमेरिकेतल्या एखाद्या घरात अशा फेरेटपुढं ताज्या मांसाची बशी ठेवली, तर तो ती हुंगतो आणि निघून जातो. हे अन्न आहे हेच त्याला कळत नाही. उपाशी असला तरी कळत नाही. हे असं का झालं, ती गोष्ट सांगण्याजोगी आहे.

स्ट्रॅबो नावाचा ग्रीक भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. स्पेनबद्दल लिहिताना तो सांगतो, की तिथं सशांनी शेतं आणि झाडांची मुळं खाऊन उच्छाद मांडला होता. तिथले लोक मग उत्तर आफ्रिकेकडचे हे प्राणी पाळत आणि तोंडाला मुसकं बांधून सशांच्या बिळात सोडत. बालेआरिक बेटांवरच्या लोकांनी तर सशांविरुद्ध सम्राट ऑगस्टसकडं सैन्याची मदत मागितली होती, असं प्लिनी लिहितो. सशांशी लढायला रोमन फौज! असो. मला स्ट्रॅबोच्या वाक्यातलं ते मुसकं महत्त्वाचं वाटतं. मळणीच्या वेळी आपण बैलाच्या तोंडाला मुसकी बांधतो, तीच युक्ती. फेरेटनं बिळातच ससा मारून खाल्ला, तर पोट भरल्यावर तो तिथंच गाढ झोपतो आणि मालक बाहेर जाळं धरून बसून राहतो. तेव्हा त्याची भूक जागी ठेवायची आणि घास मात्र त्याच्या तोंडी लागू द्यायचा नाही. त्याच्या भुकेवर माणसाचा ताबा तिथपासूनचा आहे.

इंग्लंडात तर हा ताबा कायद्यात गेला. १३९० मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या राज्यात कायदा झाला, की ज्याच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी आहे, त्यानं शिकारी कुत्रा, जाळं किंवा फेरेट बाळगायचा नाही. गरिबाच्या घरात फेरेट असणं म्हणजे सरदाराच्या रानातला ससा गरिबाच्या हंडीत जाणं! कायदा झाला तरी गरिबांनी फेरेट सोडला नाही. उत्तर इंग्लंडातल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत तो अगदी विसाव्या शतकापर्यंत टिकून होता.

पण हे मालक त्याला खायला काय घालत? दुधात भिजवलेला पाव. मांस महाग होतं हे एक कारण. दुसरं म्हणजे, मांसाची चटक लागली की फेरेट चावरा होतो, असा समज. दूध-पावानं त्याला सतत हगवण लागे आणि लोक म्हणत, फेरेट असाच असतो, घाणेरडा. आपल्याला हसायचं कारण नाही. मराठी घरात मांजराला काय घालतात? दूधभात, दूधपोळी. आमच्या मोहल्ल्यातल्या मटणाच्या दुकानापुढं बसणारी मांजरं छाटणावर गुबगुबीत होतात आणि घरातलं लाडकं मांजर दूधभातावर. आपण जे प्रेमानं खातो, ते प्राण्यालाही मानवतं असं आपण धरून चालतो.

त्याच काळात लंडनच्या गल्ल्यांतून मांजरांसाठी मांस विकणारे फेरीवाले फिरत. हेन्री मेह्यू या पत्रकारानं १८५१ साली लंडनच्या गोरगरिबांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या फेरीवाल्यांची सविस्तर हकिगत आहे. गाडी ओढून ओढून मेलेल्या घोड्यांचं मांस उकडून, काडीला टोचून घरोघर विकायचं. फेरीवाल्याची हाक ऐकली की गल्लीतली मांजरं मागं धावत. मला हा माणूस आवडतो. शहरातल्या मेलेल्या घोड्याचा आणि जिवंत मांजराचा हिशेब तो रोज पायी फिरून जुळवत होता.

त्याचा धंदा पुढं बसला, त्याची सुरुवात एका बिस्किटानं झाली. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन विक्रेता इंग्लंडात आला. लिव्हरपूलच्या गोदीवर जहाजावरची टणक बिस्किटं कुत्री खाताना त्यानं पाहिली आणि त्याला कुत्र्यांसाठीच बिस्किट करायची कल्पना सुचली, असं सांगतात. गव्हाचं पीठ, भाज्या आणि थोडं वाळलेलं मांस यांची वडी. ती श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी होती आणि तिची जाहिरातही तशीच झाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ मध्ये, अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे निघाले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबे मागं पडले आणि कोरडं खाद्य पुढं आलं.

मग आलं ते खरं यंत्र. सकाळच्या न्याहारीचे फुगवलेले दाणे करणारं यंत्र एका अमेरिकन कंपनीकडं होतंच; त्यातून तिनं कुत्र्यांचं खाद्य काढून पाहिलं आणि १९५७ साली ते बाजारात आणलं. पीठ, मांसाची भुकटी, चरबी एकत्र शिजवायची, दाबानं भोकातून ढकलायची. बाहेर पडताना ते फुगतं, मग वाळवायचं. यालाच तिकडं किबल म्हणतात, आपण दाणे म्हणू. या यंत्राची एक अट आहे. पिठाशिवाय दाणा नीट फुगत नाही आणि धरूनही राहत नाही. म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या पोटात धान्य गेलं त्यात यंत्राच्या सोयीचा मोठा वाटा होता. दाणे स्वस्त, टिकाऊ, वासाचा त्रास नाही, ओटा घाण होत नाही. नोकरी करणाऱ्या घराला आणखी काय हवं?

दाण्यांनी वाईटच केलं, असं मी म्हणणार नाही. कोट्यवधी प्राणी त्यावर जगले. पण शास्त्राला सगळं कळलं आहे, या खात्रीला एकदा चांगलाच तडा गेला. मांजरं हृदय मोठं होऊन मरत होती. चांगल्या कंपन्यांचं ‘संपूर्ण आहार’ म्हणवणारं खाद्य खाणारी मांजरं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आहे. टॉरिन हे मांसात, विशेषतः हृदयात भरपूर असतं आणि मांजराला ते शरीरात पुरेसं तयार करता येत नाही. टॉरिन दिल्यावर हृदयं सुधारली. दाण्यांत टॉरिन वाढवलं गेलं आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. उंदराच्या एका घासात जे मिळत होतं, ते कारखान्याला कळायला तीस वर्षं लागली.

नेमक्या याच सुमारास अमेरिकेत फेरेट पाळण्याची लाट आली. मोठ्या पैदास केंद्रांतून पिल्लं दुकानात येत, ती दाणे खाऊनच. सुरुवातीला मांजराचेच दाणे, पुढं फेरेटचे म्हणून वेगळे. तिथल्या मध्यमवयीन फेरेटांमध्ये स्वादुपिंडाची एक गाठ फार आढळते. तिच्यामुळं इन्सुलिन जास्त सुटतं, रक्तातली साखर घसरते, मागचे पाय लुळे पडतात, प्राणी शून्यात पाहत राहतो. याला दाण्यांतलं पीठ कारण, की फार लहानपणी केलेली नसबंदी, की वंशातला दोष, यावर पशुवैद्यांत एकमत नाही. पण पीठ त्याच्या आतड्यासाठी नाही, एवढं त्या वादातून पुढं आलं आणि बऱ्याच मालकांनी परत कच्च्या मांसाकडं वळायचं ठरवलं. अडचण तिथंच आली. फेरेट तयार नव्हता.

त्याचं उत्तर जर्मनीत मिळालेलं होतं. राइमुंड आपफेलबाख या प्राणिशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकापासून पोलकॅट आणि फेरेट यांच्यावर प्रयोग केले. पिल्लू साधारण तिसऱ्या महिन्यात असताना ज्या भक्ष्याचा वास त्याच्या नाकात बसतो, तेच त्याच्या लेखी अन्न. बाकीचं मोठेपणी समोर आलं तरी तो ते शोधत नाही. म्हणजे दात, आतडं, नखं ही वारशानं मिळतात. कशाला अन्न म्हणायचं, हे मात्र त्याला शिकावं लागतं, आणि शिकण्याचा काळ छोटा असतो.

या शोधाचं मोल कळलं ते एका वेगळ्याच जातीच्या बाबतीत. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात काळ्या पायांचा रानटी फेरेट असतो. प्रेरी डॉग नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या बिळांत राहायचं आणि त्यांनाच खायचं, हा त्याचा संसार. शेतकऱ्यांनी विष घालून प्रेरी डॉग संपवले, तसा तोही संपला. १९७९ मध्ये पिंजऱ्यातला शेवटचा मेला आणि जात गेली असं मानलं गेलं. १९८१ च्या सप्टेंबरात वायोमिंगमधल्या मीटीत्सी गावाजवळच्या एका गोठामालकाच्या कुत्र्यानं एक मेलेला प्राणी घरी आणला. तो हाच निघाला! शोध घेतल्यावर छोटी वस्ती सापडली. पण तिच्यातही प्लेग आणि डिस्टेंपर शिरला. १९८७ पर्यंत उरलेले सगळे पकडले, ते एकूण १८.

पिंजऱ्यात त्यांची पिल्लं झाली. त्यांना मिंक या प्राण्याच्या खाद्यात सशाचं मांस मिसळून घालत. पिल्लं वाढली, पण रानात सोडायची कशी? वायोमिंगमध्येच आस्त्रिद वार्गास यांनी तपासलं, तेव्हा इथंही साठ ते नव्वद दिवसांचं वयच निर्णायक ठरलं. त्या दिवसांत प्रेरी डॉग खायला मिळाला, तर पुढं तो हवासा वाटतो. मग खऱ्या बिळांची मोठी कुंपणं बांधली गेली. पिल्लं त्यातच वाढवायची, बिळात राहायला आणि जिवंत भक्ष्य धरायला तिथंच शिकवायचं. अशी तयारी झालेली पिल्लं रानात कितीतरी अधिक जगली. ज्याला आपण ‘निसर्गतः येतं’ म्हणतो, ते शिकवायला माणसांना कुंपण बांधून वर्षानुवर्षं राबावं लागलं.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिच्याकडं दोन फेरेट आहेत. (कॅलिफोर्नियात ते पाळायला बंदी आहे, हे तिनंच सांगितलं.) धाकट्याला मांसावर आणायला तिला अडीच महिने लागले. फोनवर रोज बातमी यायची. “मामू, खिमा ठेवला तर त्यावरून चालत गेला आणि पाय झटकले!” पद्धत अशी. दाणे कुटून कोमट पाण्यात त्यांची पेज करायची. ती तो चाटायला लागला की त्यात चिमूटभर मांसाचं वाटण. मांस थंड नको, अंगाइतकं कोमट हवं; वास त्याशिवाय सुटत नाही. बोटाला लावून दातांवर पुसायचं, म्हणजे नाइलाजानं चाटतो. दर चार दिवसांनी मांस थोडं जास्त, दाणे थोडे कमी. रोज वजन करायचं, शी पाहायची. “उपाशी ठेवलं की खाईल” हा आपल्याकडचा आवडता उपाय इथं घातक आहे. त्या गाठीचा प्राणी काही तासांच्या उपासानं बेशुद्ध होऊ शकतो. आणि निव्वळ खिमाही चालत नाही. त्यात कॅल्शियम नसतं, हाडं ठिसूळ होतात. त्यामुळं चावता येईल असं कच्चं हाड, टॉरिनसाठी दिल, थोडी कलेजी. कलेजी फार झाली तर अ जीवनसत्त्व अंगावर येतं. ससा मारला की हा सगळा हिशेब आपोआप जुळायचा. आता तिला त्यासाठी तराजू लागतो.

इथं आणखी एक जुनी गोष्ट आडवी येते. १९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्ल्यूच्या रुग्णांच्या घशातलं पाणी फेरेटांच्या नाकात घातलं. फेरेट शिंकू लागले. माणसाचा फ्ल्यू विषाणूनं होतो, हे त्यातून सिद्ध झालं. पुढं एक फेरेट तिथल्या एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाच फ्ल्यू झाला. फ्ल्यूच्या बाबतीत हा प्राणी माणसाइतकाच हळवा आहे. २०२३ मध्ये सोलमधल्या निवाऱ्यांत मांजरं बर्ड फ्ल्यूनं मेली. त्यांच्या बदकाच्या मांसाच्या कच्च्या खाद्यात तो विषाणू सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात एक घरातलं मांजर गेलं, टर्कीचं गोठवलेलं कच्चं मांस खाऊन. गोठवल्यानं हा विषाणू मरत नाही.

त्या बातमीनंतर भाचीनं कच्ची कोंबडी, बदक, टर्की बंद केलं. आता ससा आणि मेंढी. कच्च्या मांसातले इतर जंतू उरतातच, म्हणून भांडी वेगळी आणि हात दोनदा धुवायचे. थोरला सात वर्षांचा आहे. त्याच्यावर तिनं चार महिने घालवले. तो अजून दाणेच खातो, आणि आठवड्यातून एकदा मांसाच्या पेजेचे दोन चमचे, तेही तिच्या बोटावरून.