परदेशात कैद झालेल्या नेत्यासाठी दुसरा देश काय करू शकतो? नाशिकच्या खटल्यापासून हेगपर्यंत

कुठल्याही देशात विरोधी नेत्याला तुरुंगात टाकलं की बातम्यांत ठरलेली वाक्यं येतात: अमुक देशाने चिंता व्यक्त केली, तमुक देशाने सुटकेची मागणी केली. वर्गात मुलं आम्हाला विचारतात, नुसतं बोलून काय होतं? या सवालाचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या नाशिकच्या एका खटल्यावरून दोन बलाढ्य देश हेगच्या न्यायाधिकरणापुढे उभे राहिले होते.

प्रकरण काय होतं?

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. पुढे १३ मार्च १९१० रोजी भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्ये अटक झाली. खुनाला मदत करणे आणि सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे असे आरोप त्यांच्यावर होते. 'मोरिया' बोटीने त्यांना मुंबईला आणलं जात असताना ८ जुलैच्या सकाळी त्यांनी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात समुद्रात उडी मारून किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि बोटीवर परत देऊन टाकलं.

सावरकरांचं पुढचं राजकारण आणि मुसलमानांविषयीची त्यांची भूमिका आम्हाला मान्य नाही, हे आधीच सांगतो. पण कैद्याचा हक्क तो माणूस आपल्याला आवडतो की नाही यावर ठरत नसतो. तसा ठरायला लागला तर उद्या कुणालाच इन्साफ मिळणार नाही.

फ्रान्सने काय केलं?

आधी आवाज उठवला तो वर्तमानपत्रांनी. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लोंगे यांनी समाजवाद्यांच्या 'लुमानिते' या दैनिकातून प्रश्न लावून धरला. म्हणणं साधं होतं: राजकीय कैदी आमच्या जमिनीवर आला, तर त्याला रीतसर प्रक्रियेशिवाय परत देता येत नाही. दबाव वाढला, तसं फ्रेंच सरकारने ब्रिटनकडे कैदी परत मागितला. २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी वाद लवादाकडे सोपवायचं मान्य केलं.

मुंबईतला खटला मात्र थांबला नाही. हेगमध्ये सुनावणी होण्याआधीच, २४ डिसेंबर १९१० ला पहिली आणि ३० जानेवारी १९११ ला दुसरी जन्मठेप सुनावली गेली.

हेगचा निवाडा

बेल्जियमचे बेर्नार्ट यांच्या अध्यक्षतेखालील पाच लवादांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल दिला. अटकेत अनियमितता झाली हे त्यांनी मान्य केलं. पण चूक फ्रेंच पोलिसाची होती आणि ब्रिटनने फसवणूक वा जबरदस्ती केलेली नव्हती. म्हणून कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही, असं ठरलं. या खटल्यात पक्षकार दोन सरकारं होती. ज्याच्या आयुष्याचा फैसला होता, तो कैदी पक्षकार नव्हता.

ज्यांच्यासाठी कुणी बोललं नाही

याच काळातलं दुसरं उदाहरण शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांचं. १९१६ च्या अखेरीस हिजाजमध्ये शरीफ हुसेन यांच्या राजवटीने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली केलं. साथीदारांसह त्यांना माल्टा बेटावर कैदेत ठेवलं. मौलाना हुसेन अहमद मदनीही त्यांच्यासोबत होते. साथीदार हकीम नुसरत हुसेन यांचा तिथेच इंतकाल झाला. त्यांच्यासाठी कोणतंही सरकार लवादाकडे गेलं नाही. जून १९२० मध्ये सुटून ते मुंबई बंदरात उतरले.

आज काय बदललंय?

यात एक फरक लक्षात ठेवायला हवा. कैदी दुसऱ्या देशाचा नागरिक असेल, तर बाहेरचं सरकार मुख्यतः राजकीय दबाव आणू शकतं. भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. पुढे तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांना १९७९ चा नेहरू पुरस्कार दिला. त्यांची सुटका व्हायला १९९० उजाडलं. दबाव हळू चालतो, पण वाया जात नाही.

कैदी आपलाच नागरिक असेल, तर कायद्याचा आधार मिळतो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं की, अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधायचा हक्क आहे. महाराष्ट्राचे कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने हे कलम मोडलं, असा निकाल १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला. तेही हेगमध्येच.

आपल्या घरांसाठी

आपल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात कमावायला गेलेली आहेत. म्हणून हे कलम फक्त नेत्यांपुरतं नाही. जाणाऱ्याला तीन गोष्टी नक्की सांगा:

१. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घरी ठेवून जा.
२. अटक झाली तर भारतीय दूतावासाला कळवा, असं स्पष्ट सांग. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नको.
३. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

दूतावास कैद्याला सोडवून आणू शकत नाही, तिथल्या कोर्टाच्या वर जाऊ शकत नाही. पण तो भेटू शकतो, वकील मिळवून द्यायला मदत करू शकतो, घरी खबर पोहोचवू शकतो. माल्टाच्या कैद्यांना एवढंही मिळालं नव्हतं.