हस्तलिखितापासून मोबाईलपर्यंत

चोपड्याहून अमळनेरला जायचे म्हणजे तापी ओलांडावी लागते. वाट काही फार लांबची नाही, तास-सव्वा तासाची. पण मुलांसाठी लिहिणे आणि मुलांनी स्वतः लिहिणे या दोन गोष्टींचा आपल्या भागातला इतिहास सांगायचा, तर मला आधी याच वाटेने जावे लागते.

1924 साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात लागले. पुढे ते साऱ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी झाले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, हे तर तुम्हांला माहीतच आहे. अमळनेरात ते 1930 पर्यंत होते. मग सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी शाळा सोडली. या सहा वर्षांतली एक गोष्ट मात्र आपण जरा विसरल्यासारखी केली आहे. शाळेचे छात्रालय त्यांच्याकडे होते. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली, घर सोडून आलेली मुले तिथे राहत. त्या मुलांसाठी गुरुजींनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. दैनिक म्हणजे छापलेले नव्हे हो! हाताने लिहिलेले. दिवसभर शिकवायचे, मुलांचे सगळे पाहायचे आणि वर हे लिखाण. 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले, ते छापील. पण माझे मन त्या हस्तलिखित दैनिकावरच जास्त रेंगाळते. त्याला वर्गणीदार नव्हते, जाहिरात नव्हती. वाचणारी मुले मोजकी, आणि लिहिणाऱ्याला त्यातले प्रत्येक मूल चेहऱ्याने ठाऊक. आज कोणाला घरची आठवण येते आहे, कोण परीक्षेला घाबरले आहे, हे जाणणाऱ्या माणसाने ते लिहिलेले असे. मुलांसाठीचे साहित्य मुलांच्या इतक्या जवळ बसून लिहिले गेल्याची उदाहरणे थोडी आहेत.

आता योगायोग पाहा. त्याच 1924 साली, इकडून हजारो मैलांवर, फ्रान्सच्या दक्षिणेकडे डोंगरातल्या बार-सुर-लू नावाच्या गावी सेलेस्तँ फ्रेने हा खेड्यातला मास्तर आपल्या वर्गात एक छोटे छपाईयंत्र घेऊन आला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुफ्फुसाला जखम झाली होती. फार वेळ मोठ्याने बोलून शिकवणे त्याला जमत नसे. तेव्हा त्याने मुलांनाच बोलते केले. मुले रानात हिंडून येत, पाहिलेले सांगत, त्यातले काही लिहून काढीत, स्वतःच खिळे जुळवीत आणि छापीत. एकदा वर्गात गोगलगायींची शर्यत लागली आणि तिचेच वर्णन मुलांनी लिहिले, असे सांगतात. 1926 साली त्यांचे ब्रिटनीतल्या समुद्राकडच्या एका शाळेशी पत्रव्यवहाराचे नाते जुळले. डोंगरातल्या मुलांनी छापलेली पाने टपालाने समुद्राकडे जात आणि समुद्राकडची पाने डोंगरात येत. दुसऱ्याला कळावे म्हणून लिहायचे म्हटल्यावर मुले नीट लिहू लागली, आणि त्यासाठी छडी लागली नाही.

गुरुजी आणि फ्रेने यांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचे कारण नाही. एकाने मुलांसाठी लिहिले, दुसऱ्याने मुलांकडून लिहविले. दोघांच्याही कामात मला एक धागा सारखा दिसतो : लिहिलेले कोणीतरी खरोखर वाचणार आहे, ही खात्री.

आपल्या खानदेशात तर याचा पुरावा त्याहून जुना आहे. धरणगाव इथून फार दूर नाही. तिथे 1890 साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे 1907 साली जळगावच्या पहिल्या महाराष्ट्र कविसंमेलनात उभा राहिला, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. वडील मंडळींनी पोराची कविता ऐकून घेतली आणि त्याला 'बालकवी' म्हटले. 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. उणीपुरी अठ्ठावीस वर्षेसुद्धा लाभली नाहीत. सतराव्या वर्षी कोणी ऐकले नसते तर काय झाले असते, कोणी सांगावे! आणि आसोद्याच्या बहिणाबाई? त्यांना तर अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, आपल्या घरच्या बोलीत त्या रचीत गेल्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी टिपून घेतले. 1951 साली त्या वारल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या कविता छापून आल्या. टिपून घेणारे हात घरात नसते, तर ते धन मातीतच गेले असते.

मधला इतिहास थोडक्यात आटोपतो. मराठीत मुलांसाठी मासिके एकोणिसाव्या शतकापासून आहेत. मिशनऱ्यांचा 'बालबोधमेवा' त्यांतला. वासुदेव गोविंद आपट्यांनी 1906 साली 'आनंद' सुरू केला. नागपूरचे 'मुलांचे मासिक' 1927 चे. 'चांदोबा' मराठीत 1952 पासून आला आणि खेड्यांतल्या बाजारातही दिसू लागला. ही सारी मासिके मुलांवर माया करणारी. पण लिहिणारे बहुतेक मोठे आणि मुले वाचणारी. नोव्हेंबर 1971 मध्ये बालभारतीने 'किशोर' काढला, त्यात मुलांच्या स्वतःच्या लिखाणाला आणि चित्रांनाही जागा मिळाली. किती शाळांतून किती मुलांनी पोस्टाचे पाकीट आणून तिकडे कविता धाडल्या असतील! छापून आली की गावभर दाखवायची. नाही आली, तर मुकाट्याने पुढच्या अंकाची वाट पाहायची.

इथे माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. आमच्या शाळेत वर्षाला एक हस्तलिखित निघे. जाड कागद, कडेने वेलबुट्टी, सुंदर अक्षराच्या मुलींकडे नक्कल करण्याचे काम. मी त्यात एक गोष्ट दिली. खरे सांगायचे तर ती मी एका मासिकातून उचलली होती, फक्त राजाचे नाव बदलले होते. सर्वांनी वाहवा केली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या आईवर दीड पान लिहिले होते. त्याने तिला 'माय' म्हटले होते. कागद परत आला तेव्हा प्रत्येक 'माय'खाली लाल रेघ होती आणि वर 'आई' असे सुधारून दिले होते. त्याने तो पुन्हा लिहून दिलाच नाही. म्हणून मोबाईलमुळे मुले नकला करू लागली असे कोणी म्हणाले, की मी गप्प बसतो. नक्कल आमच्याही वेळी होती, आणि तिला बक्षीसही मिळत होते.

आता मोबाईलवर या. शिक्षक मंडळींना यातले पुष्कळ ठाऊक असेल, पण पालकांसाठी सांगतो. 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. आपल्या लहानपणी वाचनालयात फाटका अंक मिळाला तरी आनंद व्हायचा. आज सारा संग्रह हातातल्या यंत्रात. प्रथम बुक्सने 2015 साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तिथे मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रांची पुस्तके फुकट आहेत. उतरवून घेता येतात, छापता येतात. एवढेच नाही, तिथली चित्रे घेऊन आपली गोष्ट रचण्याची आणि तिथली गोष्ट आपल्या भाषेत आणण्याचीही मुभा आहे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी शिकवता शिकवता मुलांच्या पुस्तकांचा मोठा साठा आपल्या संकेतस्थळावर सर्वांना खुला केला आहे, त्यात मराठी पुस्तकेही भरपूर. सातपुड्याच्या पायथ्याला ज्या शाळेत रेंज लागत नाही, तिथल्या गुरुजींनी चोपड्याला आल्यावर चार पुस्तके उतरवून नेली तरी महिनाभर पुरतील.

साठा आहे, यात शंका नाही. माझी काळजी निराळी आहे, आणि ती चित्रकलेच्या वहीत चटकन दिसते.

चोपड्याच्या कोणत्याही शाळेत मुलांना 'निसर्गचित्र काढा' म्हणून सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. हे चित्र आता मोबाईलवर पाच मिनिटांत शिकवतात, आणि मूल पाच मिनिटांत काढतेही. पण शाळेच्या ओट्यावरून उत्तरेला खरा सातपुडा दिसतो. तो त्रिकोणी नाही. लांबच लांब, निळसर, एकामागे एक अशा रांगांचा. सूर्य त्याच्या मधून उगवत नाही. आणि नारळ? आमच्याकडे केळीची बाग, कडुनिंब आणि बाभूळ. मूल खिडकीतून बाहेर न बघताच चित्र काढते.

याच सातपुड्याच्या पायथ्याशी, फैजपूरला, डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. महात्माजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस तिथल्या सजावटीसाठी आले. एवढा मोठा चित्रकार; त्याने बाहेरून काही उंची सामान मागवले नाही. बांबू आणि इथे मिळणाऱ्या साध्या वस्तू घेऊन मंडप-कमानी उभ्या केल्या. त्यांचेच एक विद्यार्थी देवीप्रसाद 1944 साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या मुलांना कित्येक वर्षे चित्रकला शिकवीत राहिले. मुलासमोर नमुना ठेवून 'असे काढ' म्हणण्याच्या ते विरुद्ध. मुलाने पाहिलेले, अनुभवलेले त्याच्या हातून उतरू द्यावे, आणि मोठ्यांनी घाईने दुरुस्ती करू नये, असे त्यांचे शिकवणे. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत स्मरणचित्र असते. त्याचा मूळ अर्थ तरी दुसरा काय आहे? पाहिलेले आठवून काढणे. आता त्याचेही तयार नमुने मिळतात, म्हणजे दुसऱ्याच्या स्मरणातले चित्र आपण पाठ करायचे! असो.

2020 साली शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाईल हीच शाळा झाली. मुलांनी घरी बसून चित्रे काढली, गोष्टी लिहिल्या, आईबापांच्या मोबाईलवरून गुरुजींच्या व्हॉट्सअपवर पाठवल्या. गुरुजींकडे दिवसाला पन्नास-साठ चित्रे. बिचारे काय करणार? प्रत्येकाला एक अंगठा. ज्याने मन लावून काढले त्याला अंगठा, ज्याने पाहून उतरवले त्यालाही अंगठा. मला त्यांना दोष द्यायचा नाही. पण छात्रालय दैनिक आणि हा अंगठा शेजारी ठेवून बघा, म्हणजे या शंभर वर्षांत आपल्या हातून काय निसटते आहे ते ध्यानात येईल. वाचायला, पाहायला, गिरवायला आज अपरंपार आहे. 'तू लिहिलेस ते मी वाचले, आणि तुझी गाय पुढे बरी झाली का?' असे विचारणारे मात्र यंत्रातून उतरवून घेता येत नाही.

मग करावे काय? मी काही योजना मांडणार नाही, शिक्षकांना योजना कमी नाहीत. दोन-तीन करून पाहण्याजोग्या गोष्टी तेवढ्या सांगतो. 'किशोर'च्या जुन्या अंकातली गोष्ट अर्धी वाचून दाखवा आणि मोबाईल खिशात घाला. पुढची मुलांना लिहू द्या. स्टोरीवीव्हरवरच्या पुस्तकातला मजकूर झाकून नुसती चित्रे दाखवा. वर्गात पावरा मुले असतील तर गोष्ट आधी त्यांच्या घरच्या बोलीत सांगू द्या, एकाने टिपून घ्यावी, मराठी मागाहून करता येते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाने 'माय' लिहिले तर ते तसेच राहू द्या. वर्षाचे हस्तलिखित काढत असाल तर कपाटात वाळवीच्या हवाली करण्याआधी पानापानाचा मोबाईलवर फोटो घ्या. मात्र बाहेर कुठे पाठवताना मुलाचा पत्ता, फोटो, घरचा नंबर त्यात जाऊ देऊ नका.

आणि फ्रेनेचे ते पत्रांचे काम तर आज किती सोपे आहे! त्याला टपालाला दिवस लागत. तुमच्या ओळखीचा एखादा शिक्षक रत्नागिरीकडे किंवा सिंधुदुर्गात असेलच. त्याच्या वर्गातल्या मुलांनी समुद्राविषयी लिहावे, तुमच्यांनी केळीच्या बागेविषयी. होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराचे चित्र तिकडे गेले, तर ढोल कोण वाजवतो, एवढ्या लोकांनी एकाच दिवशी का यायचे, असे प्रश्न तिकडून येतील. उत्तरे शोधायला मुलांना घरी आजोबांना विचारावे लागेल. ती यूट्यूबवर सापडायची नाहीत. तिकडचा एखादा मुलगा विचारील, केळीचा घड कापताना जुनाच सदरा का घालतात? तेव्हा आपल्या पोराला लिहावे लागेल, की केळीचा चीक कपड्याला लागला म्हणजे डाग पडतो, आणि माय कितीही धुवो, तो काही निघत नाही.