जुन्या रायफलीची संहिता

जुनी 'पॉइंट टू टू' रायफल पाहायला गेलेला जाणकार आधी तिचा बोल्ट काढतो आणि नळी उजेडाकडे धरून आत डोकावतो. दस्त्यावरचे ओरखडे, पोलादावरचा उडालेला निळा मुलामा हे तो मागाहून पाहतो. नळीतले सर्पिल आटे कितपत शिल्लक आहेत, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. दुसरा प्रश्न मात्र बहुधा रायफल घरी आल्यावर सुचतो: हिला पूर्ववत करायचे म्हणजे नेमके कोणत्या स्थितीला न्यायचे? हा प्रश्न निव्वळ कारागिरीचा नाही, तो इतिहासाचाही आहे, आणि पुण्यात तो विचारण्याला विशेष औचित्य आहे.

या रायफलीचे काडतूस 'रिमफायर' जातीचे. त्यात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते आणि आघातसुई त्या कडेवर आपटते. फ्रान्समध्ये फ्लोबेरने १८४५ साली या कल्पनेला रूप दिले. अमेरिकेत १८५७ साली स्मिथ आणि वेसन यांनी तिचे छोटे काडतूस बाजारात आणले. आज सर्वत्र चालणारे 'लाँग रायफल' काडतूस १८८७ सालचे. ते स्वस्त असते, त्याचा आवाज बेताचा आणि खांद्याला धक्का नगण्य. म्हणून ही बंदूक शिकाऊंची झाली.

पुण्याचे या शस्त्राशी असलेले नाते दुहेरी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत, १८७८ साली, लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे हिंदी माणसासाठी गुन्हा ठरले. ज्या गावाच्या शेजारी काडतुसे तयार होत, तिथल्या सामान्य माणसाला बंदूक दिसे ती शिपायाच्या खांद्यावर. हे अंतर स्वातंत्र्यानंतर थोडे कमी झाले. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि महाविद्यालयीन मुलांच्या हाती सरावासाठी पॉइंट टू टू आली. सुशिक्षित मध्यमवर्गातील अनेकांचा बंदुकीशी आलेला पहिला, आणि बहुतेकांचा शेवटचा, स्पर्श हाच.

खाजगी रायफलीची कथा याहून वेगळी. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणे जवळपास अशक्य झाले. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या बीएसएसारख्या जुन्या रायफली एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहिल्या. परवानाधारक वारला की त्याची बंदूक वारसांना पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि अशा ठेवीतूनही ती विक्रीला निघू शकते. एका माणसाने दुसऱ्याला ती विकायची तर १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. खरेदीदाराकडे परवाना हवाच.

याच अधिनियमातील दोन कलमे आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. कलम ८ नुसार बंदुकीवर कोरलेले नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे निषिद्ध आहे. कलम ४५ कालबाह्य वा नादुरुस्त शस्त्राला सवलत देते, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. म्हणजे जी रायफल सुधारता येते ती कायद्याच्या लेखी अजून रायफलच आहे. दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिराकडूनच व्हावी लागते.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या काडतुसांच्या पेटत्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे एक क्षार उरतो, तो हवेतील ओल ओढून घेतो आणि पोलाद पोखरतो. पुण्याच्या पावसाळ्यात याला फार दिवस लागत नाहीत. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो; म्हणून पूर्वी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून मग तेल देत. तरी पडलेले खड्डे भरून येत नाहीत. पुष्कळशा नळ्या तर गोळ्यांपेक्षा साफसफाईनेच अधिक बिघडतात, कारण तोंडाकडून घातलेली सळई तिथली कड झिजवते. सर्वांत मोठी हानी मात्र उत्साही हातांनी होते. दस्ता चकचकीत व्हावा म्हणून काचकागद घासला की त्यावरचे शिक्के जातात, आणि पोलाद घासून नवा मुलामा चढवला की बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचे ठसे पुसट होतात. बंदूक नवी दिसते खरी, पण तिचे बोलणे बंद होते.

इथे भांडारकर संस्थेची आठवण होते. तिथे १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ साली त्याची धुरा विष्णु सीताराम सुकथनकरांकडे आली आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. व्यासांच्या मुखातील मूळ ग्रंथ पुन्हा मिळवण्याचा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता येते तिथवरच त्यांनी जायचे ठरवले, आणि वगळलेले पाठ फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. रायफल सुधारणाऱ्यालाही याहून चांगला दंडक मिळणार नाही. कारखान्यातून निघालेली रायफल आता कोणालाच परत मिळणार नाही. सक्रिय गंज थांबवावा, जुने घाव राहू द्यावेत, नवी नळी बसवावी लागलीच तर तशी नोंद ठेवावी आणि काढलेला भाग कायद्याच्या चौकटीत जपावा.

यावर नेमबाजाचा आक्षेप रास्त आहे. त्याला कागदपत्र नको, अचूक नळी हवी. बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच पॉइंट टू टू काडतुसावर. पण त्या पातळीच्या रायफलीत झिजेला जागा नसते. तेव्हा घेणाऱ्याने आपण वाचक आहोत की नेमबाज, हे आधी ठरवावे. नेमबाजाने खुशाल नळी बदलावी. ठसे मात्र दोघांनीही पुसू नयेत. पुढे ही रायफल ज्याच्या हाती जाईल त्याला आधीच्या मालकांविषयी दुसरे कोणी काही सांगणार नाही.