बीचची मूठ

फ्रान्समधील आल्प्सच्या कुशीत, साव्हॉय प्रांतात, जोसेफ ओपिनेल हा लोहाराचा मुलगा १८९० साली खिशातला घडीचा चाकू घडवू लागला. वय अवघे १८. शिंग, हस्तिदंत श्रीमंतांसाठी. शेतकऱ्याच्या या चाकूची मूठ आज बहुतेक बीच वृक्षाची असते. हे लाकूड कठीण, एकसारख्या पोताचे, कोरण्यास सोपे आणि मुबलक. ओलाव्याने मात्र ते फुगते आणि पाते खाचेत अडकून बसते. हा दोष मान्य करावाच लागेल.

१९०९ साली पात्यावर मुकुट व आशीर्वादाचा हात उमटला. मुकुट साव्हॉयच्या ड्यूकपदाचा; हात संत योहान बाप्तिस्ताचा, जवळच्या सें-जाँ-द-मोरिएन नगराच्या चिन्हातला. तेथील कॅथेड्रलात त्याच्या बोटांचे मानले गेलेले अवशेष आहेत. त्याच पात्याने गुराखी पाव व चीज कापीत.