कोर्लईचा किल्ला आणि त्याची मागे राहिलेली भाषा

कुंडलिका नदी अरबी समुद्रास मिळते तेथे तिच्या उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिण तीरावर कोर्लई अशी दोन गावे आहेत. कोर्लई गावापासून डोंगराची एक अरुंद सोंड उत्तरेकडे खाडीच्या मुखात घुसली असून तिच्या कण्यावरून किल्ल्याचा तट गेला आहे. पोर्तुगीज या डोंगरास चौलचा 'मोर्रो' म्हणत. समुद्रवाऱ्याच्या माऱ्यामुळे माथ्यावर मोठी झाडी वाढलेली नाही. किल्ला गिळला तो मुख्यतः गवताने. पावसाळ्यात हे गवत दरवाजांच्या उंबरठ्यांवरून, आडव्या तटांच्या पायांतून आणि छप्पर नसलेल्या प्रार्थनामंदिराच्या जमिनीतून वर येते. काही तोफा अद्याप आपापल्या जागी पडून आहेत, आणि त्यांच्या तोंडासमोर उभे राहिले असता प्रथम गवत दिसते, समुद्र त्यानंतर. जेथे चिरा निखळून चुन्यात फट पडली आहे तेथे पक्ष्यांनी टाकलेल्या बीजातून पिंपळ-उंबराची रोपे धरली आहेत. तटाचा खरा शत्रू हाच. तोफेचा गोळा भिंतीचा एक भाग पाडतो. मूळ मात्र चुना सोडवीत आतून चालत जाते आणि वर्षानुवर्षे थांबत नाही.

समोरच्या रेवदंड्यात निसर्गाने वेगळा मार्ग घेतला. तेथील तटाच्या आत पोर्तुगीजांचे शहर होते. त्याची जागा आज नारळी-पोफळीच्या वाड्यांनी घेतली आहे. चर्चच्या भिंती माडांच्या खोडांमध्ये उभ्या आहेत. ज्यास लोक 'सातखणी' म्हणतात त्या मनोऱ्याचे सातही खण आज उभे नाहीत, परंतु नाव मात्र पुरतेपणी सातखणीच राहिले आहे. वास्तू झिजली की तिचे नाव त्या प्रमाणात झिजत नाही, हा अनुभव नामशास्त्राच्या अभ्यासकास नवा नाही. कोर्लईच्या बाबतीत मात्र याहून अधिक काही घडले आहे. तेथे नावाच्याही पलीकडे एक अख्खी भाषा मागे राहिली.

इतिहासाचा सांगाडा थोडक्यात असा. चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक भूगोलज्ञांना आणि पुढे अरब प्रवाशांना ते ठाऊक होते. १५०८ मध्ये याच बंदरात मीर हुसेनच्या इजिप्ती आणि मलिक अयाझच्या गुजराती आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला व व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचा पुत्र लोरेन्सो मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधावयास घेतला. १५७०–७१ चा मुर्तझा निजामशहाचा वेढा निष्फळ ठरला. तथापि समोरचा डोंगर ज्याच्या हाती त्याच्या तोफांखाली चौलचे बंदर, हे भूगोलाने ठरविलेले सत्य टळणारे नव्हते. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी उभारून तेथून पोर्तुगीज चौलवर मारा चालविला, तेव्हा १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा डोंगर हल्ला करून घेतला. पुढे सुमारे दीडशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला, पण ठाणे पडले नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. १७४० मध्ये चौल व कोर्लई ही दोन्ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली.

सत्तांतरानंतर पहिली गोष्ट बदलते ती नावे. कोर्लईच्या बुरुजांना पोर्तुगीजांनी संतांची नावे दिली होती. मराठी अमलात 'सान दिएगो'चा पुसाती बुरूज झाला आणि 'सान फ्रान्सिस्को'चा गणेश बुरूज. हे नामांतर भाषांतर नव्हते. संताचे नाव पुसून त्या जागी देवतेचे नाव आले. बुरुजाचा पहारा एका दैवताकडून दुसऱ्याकडे सोपविला गेला, असेच त्याकडे पाहिले पाहिजे. किल्ल्यातील पाण्याच्या टाक्याजवळ रत्नेश्वर महादेवाचे लहान देऊळ आहे आणि त्याच माथ्यावर चर्चचे भग्नावशेष आहेत. दोन्ही पूजास्थाने एकाच गवतात आहेत. परंतु अशी हुकुमाने आलेली नावे शिबंदीच्या आयुष्याएवढीच जगतात. पेशवाई बुडाली, किल्ल्यांचे लष्करी प्रयोजन संपले, पहारेकरी गेले. ज्या बुरुजावर कोणी उभे राहात नाही त्याचे नाव उच्चारण्याचा प्रसंगही उरत नाही. आज ही नावे गॅझेटियरमध्ये आणि दुर्गप्रेमींच्या टिपणांत आढळतात. तेथे ती सुरक्षित आहेत, पण ती जिवंत आहेत असे म्हणता येणार नाही.

एक नाव याला अपवाद आहे. डोंगराच्या उत्तर टोकास, पाण्याच्या पातळीजवळ तोफांचा जो मोर्चा आहे त्यास 'क्रुसाची बातेरी' म्हणतात. या दोन शब्दांकडे सावकाश पाहणे अगत्याचे आहे. 'क्रूस' हा पोर्तुगीज क्रुझ, 'बातेरी' हा पोर्तुगीज बातेरिया. दोन्ही नामे परकी. त्यांना जोडणारा प्रत्यय मात्र मराठी आहे. पोर्तुगीजमध्ये क्रुझ हा शब्द स्त्रीलिंगी आहे; मराठीने तो पुल्लिंगी केला आणि म्हणूनच त्याचे सामान्यरूप 'क्रुसा-' असे झाले. तो स्त्रीलिंगी राहता तर हे रूप संभवले नसते. 'बातेरी' मात्र दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी, आणि तिच्यामुळे षष्ठीचा प्रत्यय 'ची' असा आला. म्हणजे हे नाव ज्यांनी घडविले त्यांनी पोर्तुगीज शब्द ऐकून तोंडपाठ केले नव्हते. ते शब्द आपल्या व्याकरणात पुरते रिचविले होते. हे काम हुकुमाने होत नाही. ते होते खालच्या धक्क्यावर, होडीत, दाणागोटा वाहताना, पहाऱ्याच्या पाळीत. मराठीत तुरुंग, पगार, काडतूस हे पोर्तुगीज शब्द कोणत्या वाटेने आले असावेत याची कल्पना या एका नावावरून येऊ शकते. संतांची नावे बदलणाऱ्यांना 'क्रुसाची बातेरी' बदलण्याची गरज भासली नसावी, कारण त्यांच्या कानाला ती परकी वाटलीच नसणार.

आता डोंगराच्या पायथ्याकडे वळावे. १७४० मध्ये पोर्तुगीज सैनिक व अधिकारी निघून गेले. परंतु किल्ल्याच्या आश्रयाने राहणारे सर्वच लोक गेले नाहीत. सैनिकांच्या स्थानिक स्त्रियांपासून झालेली संतती आणि किल्ल्याच्या चाकरीत असलेली, ख्रिस्ती झालेली निम्न जातींची कुटुंबे मागे राहिली. त्यांच्या मुखी जी भाषा होती ती लिस्बनची पोर्तुगीज नव्हती. मालक आणि चाकर, नवरा आणि बायको यांच्या व्यवहारात तयार झालेली, पोर्तुगीज शब्दांची पण वेगळ्या घडणीची ती बोली होती. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे ती आजही बोलतात. तिचे भाषक हजाराच्या आसपास आहेत. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. (यातील 'लिंग' म्हणजे पोर्तुगीज लिंग्वा, भाषा. योगायोग असा की व्याकरणातील लिंगभेद या बोलीने जवळजवळ टाकून दिला आहे.)

या बोलीच्या घडणीत मराठीचा हात किती खोलवर गेला आहे हे जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने सविस्तर दाखविले. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. येथे ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी सरकले. 'लुईसचे घर' म्हणावयाचे तर पोर्तुगीज आधी घर म्हणेल व नंतर लुईस. कोर्लईचा माणूस मराठीसारखा आधी लुईस म्हणतो, मग 'सु' हा संबंधवाचक शब्द, मग घर. सर्वांत बोलका पुरावा क्रियापदांचा आहे. पोर्तुगीज क्रियापदांचे अन्त्य स्वरांनुसार तीन गण आहेत. कोर्लईच्या बोलीने ते तिन्ही राखले आणि मराठीतून घेतलेल्या धातूंसाठी उकारान्त चौथा गण नवा उभारला. 'लोट' हा मराठी धातू त्यात 'लोटू' होऊन बसतो. पाहुण्या शब्दांसाठी घराला नवी खोली बांधावी तसे हे झाले. बातेरीच्या नावात मराठीने पोर्तुगीज शब्द पचविले. गावात पोर्तुगीज बोलीने मराठी धातू पचविले. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना ही दोन उलट कामे चालू होती.

येथे एक प्रश्न उद्भवतो. वसई हे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे; तेथील किल्ला, चर्चे, वस्ती यांच्यापुढे कोर्लई नगण्य. मग वसई-मुंबईकडील ख्रिस्ती समाजाच्या तोंडची अशीच पोर्तुगीज बोली लुप्त का झाली आणि कोर्लईची का टिकली? ती बोली तेथे होती याविषयी शंका नाही. मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु मुंबई वाढत होती, इंग्रजी शिक्षण व नोकऱ्या जवळ होत्या, आणि पोर्तुगीजपणाची खूण बाळगणे अडचणीचे होऊ लागले होते. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून त्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, ते याच ओघात. जेथे किल्ल्याचे शहर नव्या शहराच्या कक्षेत आले तेथे भाषा गेली. कोर्लईला असे नवे शहर लाभले नाही. चौलचा व्यापार ओसरला, किल्ला ओस पडला, खाडी ओलांडण्यास होडीवाचून साधन नव्हते. भोवतालच्या हिंदू समाजापासून धर्माने आणि जातीने वेगळ्या पडलेल्या या लोकांचे बेटीव्यवहारही आपापसांतच होत. डोंगरावर गवत वाढण्यास जी उपेक्षा कारण झाली तिनेच पायथ्याची भाषा राखली.

हे विधान थोडे आवरून घेणे मात्र आवश्यक आहे. केवळ उपेक्षेने भाषा टिकत नाही. तसे असते तर कोकणातील प्रत्येक ओसाड किल्ल्याखाली काही ना काही सापडले असते. गावातील माउंट कार्मेलच्या चर्चमध्ये पोर्तुगीज प्रार्थनांचा धागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरता तुटला नव्हता, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. उलट दमणचे उदाहरण पाहावे. तेथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होते, शाळा होत्या, कचेऱ्या होत्या. त्यामुळे दमणची बोली प्रमाण पोर्तुगीजच्या अधिक जवळ राहिली. कोर्लईत राज्य सव्वादोनशे वर्षे आधी गेले आणि प्रार्थनांचा एक बारीक धागा तेवढा उरला. म्हणून येथील बोली टिकली तीही मराठीकडे झुकत टिकली. तिला 'शुद्ध' अवशेष समजून आनंदणाऱ्यांची दृष्टी किल्ल्यावरचे गवत खरवडून जुना तट जसाच्या तसा पाहू इच्छिणाऱ्यांसारखी आहे. चौथा गण हा ऱ्हास नव्हे. ती त्या बोलीची स्वतःची कमाई आहे.

कोर्लईविषयी जुन्या ग्रंथांत या लोकांना फारसे स्थान नाही. जे. जर्सन दा कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईच्या इतिहासावर आणि अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, १८८३ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. कोर्लईच्या डोंगरावर त्यांत भर आहे तो तट, दरवाजे, तोफा आणि शिलालेख यांवर. दगडाची मोजदाद तत्परतेने झाली. पायथ्याच्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या भाषेचे सविस्तर वर्णन त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाले. किल्ला 'निर्जन' झाला असे लिहिणाऱ्यांनी जन म्हणजे केवळ शिबंदी असे गृहीत धरले होते.

आता परिस्थिती पालटली आहे. रेवदंड्याच्या खाडीवर पूल झाला. मुले मराठी शाळेत शिकतात, नोकरीसाठी अलिबाग-मुंबई गाठतात, आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात पोर्तुगीज धर्तीचा शब्दक्रम अधूनमधून ऐकू येई तेथे तरुणांचे वाक्य मराठीच्या वळणाने चालते. उकारान्त गणात नवे धातू येत राहतात. ज्या दिवशी पहिल्या तीन गणांतील शब्द कमी आणि चौथ्यातील अधिक होतील त्या दिवशी ही बोली पोर्तुगीज म्हणावी की मराठी, हा प्रश्न अभ्यासकांपुढे येईल. घरात बोलणाऱ्यांसाठी ती तेव्हाही 'नो लिंग'च असेल. किल्ल्यावर जाणारा पाहुणा सहसा दीपगृहाच्या बाजूने चढतो, माथ्यावरून उत्तरेस क्रुसाच्या बातेरीपर्यंत उतरतो आणि त्याच वाटेने परततो. गाव त्या वाटेवर लागते, पण तेथे थांबण्याचे कारण त्यास कोणी सांगितलेले नसते.